मॉरीनचा बॉयलर

ही ऐकीव गोष्ट नाही. कुणाच्या मावसभावाच्या मित्राची तर मुळीच नाही. माझ्याच घरात घडली, मी माझ्या या दोन कानांनी ऐकली. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मीही हसले असते. मी पेशाने नर्स, उभा जन्म हॉस्पिटलात गेला. कितीतरी माणसं डोळ्यांदेखत गेली, आणि त्यातलं एकही परत येऊन मला हाक मारून गेलं नाही.

त्यामुळे भुताखेतांचं मला वावडंच होतं.

जागा इंग्लंडमधलं हडर्सफील्ड. चढावरची दगडी घरांची गल्ली, घराला घर चिकटलेलं, शेवटून दुसरं आमचं. वेळ नोव्हेंबरातल्या संध्याकाळची. तशी चहाचीच वेळ होती, पण इथे तेव्हाच बाहेर मिट्ट काळोख होतो.

त्या संध्याकाळी मी बॉयलरचा स्विच बंद केला.

आणि तरी आवाज चालूच राहिला...

थांबा. आधीचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मी मूळची मिरजेची शैलजा. इथे सगळ्यांची मी 'शेल'. नर्स म्हणून आले ती इथलीच झाले. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, वेळच मिळाला नाही. तसं काही नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

मग पन्नाशी उलटल्यावर ग्रॅहमनं विचारलं. हा बस चालवायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बेरिलला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन आला होता. तिला वॉर्डात पोचवून गेला, आणि तिची चौकशी करायच्या निमित्तानं रोज यायला लागला. बेरिल घरी गेली तरी येतच राहिला! मोजकं बोलणारा, हसला की डोळे बारीक होणारा माणूस. विधुर.

मिरजेला बहिणीला फोन केला तर ती किंचाळलीच.

"बिजवर गं बाई तो! आणि तिच्याच घरात राहणार तू?"

"अगं, ती मेली ना."

"मेलेली सवत जास्त वाईट. जिवंत असली तर भांडता तरी येतं."

मी हसले. आमच्या आत्याच्या गळ्यात सवतीचा टाक होता. पहिलीचं रूप कोरलेला चांदीचा इवलासा पत्रा. सणावाराला आत्या आधी त्या टाकाला हळदकुंकू लावायची, मग स्वतःला. लहानपणी मला त्याची मजा वाटायची. आता कळतं, आत्याला ते किती जड जात असेल.

कारण मी त्या घरात पाऊल टाकलं आणि मला सगळीकडे त्याची पहिली बायको, मॉरीनच दिसायला लागली.

पडदे मॉरीनचे. सोफा मॉरीनचा. किटलीवर घालायची लोकरीची टोपी मॉरीननं विणलेली. मी एकेक करून सगळं बदललं. पडदे काढले, सोफा दिला, कपबश्या खोक्यात भरून धर्मादाय दुकानात नेऊन टाकल्या. ग्रॅहम एका अक्षरानं बोलला नाही. "तुला आवडेल तसं कर, शेल," इतकंच.

मला वाटलं, चला, घर माझं झालं.

राहिला तो फक्त बॉयलर.

आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला, भिंतीवरच्या कपाटात. पाणी तापवणारा आणि घरही तापवणारा, दोन्ही कामं एकट्यानं करणारा. मॉरीननं आजारपणात बसवून घेतलेला. तिला थंडी सोसायची नाही, नळ सोडला की लगेच ऊन पाणी हवं असायचं. कपाटाच्या दारावर तिनं स्वतःच्या हातानं पिवळ्या फुलांचा कागद चिकटवला होता.

आणि हा बॉयलर अखंड वाजायचा.

मोठ्यानं नाही. बारीक, एकसुरात... म्म्म्म...

फ्रीज गुरगुरतो तसं नाही. त्याहून मऊ. तोंड मिटून कुणी सूर धरावा तसं. घर तापवणं बंद असलं तरी. ऐन ऑगस्टातसुद्धा.

मला यंत्रांच्या आवाजाचा त्रास होत नाही. आयसीयूत खुर्चीत बसून झोपलेली बाई मी. पण हा आवाज माझ्या डोक्यात गेला. आणि त्याहून डोक्यात गेलं ते ग्रॅहमचं बसणं.

नवा सोफा मी हौसेनं घेतला होता, त्याच्यावर तो कधी टेकला नाही. चहाचा मग घेऊन स्वयंपाकघरात जायचा, कपाटाखालच्या खुर्चीत बसायचा. पाठ भिंतीला. आणि कपाटाचं दार... नेहमी बोटभर उघडं.

"दार लाव ना रे."

"हो हो, लावतो."

लावायचा नाही.

"ग्रॅहम, हा आवाज तुला येत नाही का?"

"कसला?"

"बॉयलरचा. सारखा घुमतोय."

तो चहाच्या मगात बघत राहिला. "असू दे गं. सवय होते."

सवय होते म्हणे! मी दुसऱ्याच दिवशी नेव्हला बोलावलं.

नेव्ह म्हणजे ग्रॅहमचा शाळासोबती, आमच्या भागातला गॅसवाला. बडबड्या नंबर एक. आल्या आल्या चहा मागणार, त्यात तीन चमचे साखर, आणि बिस्किटांचा डबा जवळ ओढून बसणार. तो दारातून आत आला.

आणि आवाज थांबला.

कचकन. मध्येच.

"कुठाय आवाज?" नेव्ह म्हणाला.

"आत्ता होता! तू येईपर्यंत होता."

"मला बघून टरकला तो," नेव्ह हसला. "गाडी मेकॅनिककडे नेली की कशी शहाणी होते, तसंच."

तरी त्यानं सगळं उघडून पाहिलं. पंप जोरात लावला होता, तो कमी केला. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांमधली हवा काढली. पंखा पाहिला. पाण्याचा क्षार आत धरतो आणि किटलीसारखं सूं सूं करतो म्हणाला, पण तसा क्षार काही सापडला नाही. मग एक बटण दाबलं.

"हे बघ. हा फुकटचा पाणी तापवत बसायचा. नळ सोडला की लगेच गरम यावं म्हणून. मॉरीननं माझ्याकडून मुद्दाम लावून घेतलं होतं. बिचारी... तिचे हात नेहमी गार असायचे."

"बंद कर," मी म्हटलं.

"आता नळ सोडल्याशिवाय याला कामच नाही, लव्ह. आता वाजला तर माझं नाव बदल." इथे कुणीही कुणालाही 'लव्ह' म्हणतं.

ग्रॅहम दारात उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. मी दुर्लक्ष केलं.

नेव्हची गाडी उतारावरून वळली. तिचा आवाज विरला...

म्म्म्म.

ग्रॅहमच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं दिसलं. मी पाहिलं, स्वच्छ पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नेव्हनं फोनवर सांगितलं, रेकॉर्ड करून पाठव. मी मोबाइल कपाटात ठेवून रेकॉर्ड केलं आणि लावून ऐकलं. घड्याळाची टिकटिक आली. बाहेर कुत्रं भुंकलेलं आलं. माझा श्वास आला.

बॉयलरचा आवाज... नव्हताच.

मी बेरिलला सांगायला गेले. म्हटलं, म्हातारी हसेल, मन हलकं होईल. ती हसली नाही. लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवून म्हणाली, "मॉरीन अशीच सूर धरायची गं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. गाणं असं नाही, नुसतंच. ग्रॅहम चिडवायचा, घरात मधमाशी पाळलीय म्हणून. फार गोड बाई होती, पोरी."

"हो का," मी म्हटलं.

"तिच्यासारखी मीट-पाय भाजायला अख्ख्या गल्लीत कुणाला जमली नाही."

"मला तर काहीच जमत नाही, बेरिल!"

"तसं नाही गं माझे बाई..."

पण मी उठले. मला सांगायला लाज नाही वाटत, मी जळत होते. मेलेल्या बाईवर जळत होते. आयुष्यात एकच माणूस माझं म्हणून मिळालं होतं, आणि तेही अर्धंच. उरलेलं अर्धं त्या कपाटापाशी बसलेलं.

आता ती नोव्हेंबरातली संध्याकाळ.

ग्रॅहम शेवटच्या फेरीवर होता. नेव्हनं फोनवर सोपी परीक्षा सांगितली होती. "भिंतीवरचा स्विच बंद कर. बॉयलर मेला. तरी आवाज आला तर तो तुमचा नव्हेच. शेजारणीचा असणार. स्वयंपाकघरांची भिंत एकच आहे, पाइपातून आवाज कुठल्या कुठे जातो."

मी स्विच बंद केला. लाल दिवा गेला. आतला आकडे दाखवणारा पट्टा काळा झाला.

म्म्म्म...

चालूच.

मनाला बजावलं, बेरिलचाच. तशीच सपाता घालून शेजारी गेले. तिला म्हटलं, तुझाही बॉयलर बंद करू का दोन मिनिटं? तिचाही बंद केला. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून उभ्या राहिलो.

काही नाही. चिडीचूप.

"तुझ्याकडे जाऊन बघू," बेरिल म्हणाली. शाल लपेटून काठी टेकत माझ्याबरोबर आली. आमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं...

आवाज होता.

दोन्ही घरांतले बॉयलर मेलेले. आणि आवाज कपाटातून येत होता. पिवळ्या फुलांच्या मागून.

"येतोय ना तुलाही?" मी विचारलं.

बेरिलनं शाल घट्ट ओढून घेतली. कपाटाकडे बघत राहिली.

"बस, चहा टाकते."

"नको लव्ह. मी निघते."

बेरिलनं चहाला नाही म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ती गेली. मी एकटीच. खरं सांगते, त्या वेळी भीती कमी आणि राग जास्त होता. मी कंबरेवर हात ठेवून कपाटापुढे उभी राहिले आणि चक्क मराठीत म्हणाले, "काय पाहिजे गं तुला?"

आवाजात काही फरक नाही. मी तिच्या लेखी नव्हतेच.

मग बाहेरच्या दारात किल्ली फिरली. ग्रॅहम आला.

आणि आवाज... चढला.

थोडासाच. सूर वर गेला. माणूस दारात दिसल्यावर आपण उठून उभे राहतो ना, तसा.

ग्रॅहम आत आला, टोपी काढली. त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं काहीतरी झालंय. जवळ आला आणि माझा हात हातात घेतला.

आवाज थांबला.

त्यानं हात सोडला, किटलीकडे वळला. दोन-चार क्षण गेले. म्म्म्म...

मी मुद्दाम मागून जाऊन त्याच्या पाठीवर डोकं टेकलं.

थांबला!

कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं.

तुम्ही म्हणाल, बाई घाबरली असेल. घाबरले होतेच. पण त्याहून जास्त मला आनंद झाला, आसुरी आनंद. म्हटलं, अस्सं. म्हणजे तुलाही जळतंय तर! जळ.

त्यानंतर आठवडाभर मी नवऱ्याचे जितके लाड केले तितके लग्नानंतर कधी केले नव्हते. सगळे स्वयंपाकघरात. येता गळ्यात हात, जाता मुका. ग्रॅहम बिचारा लाजायचा. "अगं खिडकी उघडी आहे, शेल." मी म्हणायचे, असू दे. आणि दर वेळी आवाज थांबायचा, आणि मी कपाटाकडे बघून हसायचे.

मग माझ्या अंघोळीचं पाणी गार यायला लागलं.

फक्त माझ्या. ग्रॅहम अंघोळ करून आला की न्हाणीघरात वाफच वाफ. मी आत गेले, अंगाला साबण लावला, की बर्फासारखी धार. मी ओरडत बाहेर. ग्रॅहमनं हात लावून पाहिला की पाणी कढत!

नेव्हला फोन केला. म्हणाला, "तुझ्या अंघोळीच्या वेळी कुणीतरी खाली नळ सोडत असेल. हा बॉयलर एका वेळी एकालाच गरम पाणी देतो."

"नेव्ह, घरात दोघंच आहोत. आणि एक जण माझ्या शेजारी दारात उभा असतो."

"मग मला नाही सांगता येणार, लव्ह."

एकालाच देतो. दोघींना नाही.

त्या दिवशी मी ओल्या केसांनी, कुडकुडत स्वयंपाकघरात आले. ग्रॅहम त्याच खुर्चीत. दार बोटभर उघडं. माझा बांध फुटला.

"हा बॉयलर काढायचा. नवा बसवायचा."

"चांगला चाललाय गं."

"चांगला? मी गारठून मरतेय!"

"नेव्हला परत बोलावू."

"नेव्ह नको. बॉयलर काढायचा. ह्या घरात ती तरी राहील, नाहीतर मी."

मी 'ती' म्हणून गेले. त्यानं 'कोण' असं विचारलं नाही.

बराच वेळ तो मगाचा कान बोटानं चोळत होता. मग म्हणाला, "तुला पण तो आवाज येतो, हे तू विचारलंस तेव्हाच कळलं. आधी मला वाटलं फक्त मलाच येतो. ती गेली, त्या रात्री मी इथंच बसलो होतो. घरात इतकं शांत होतं, शेल. मग तो सुरू झाला. मी त्या रात्री काय केलं असतं कुणास ठाऊक. त्याच्यामुळे बसून राहिलो."

"मग मला का आणलंस?"

"तू आवडलीस म्हणून."

"आणि ती?"

त्यानं मग खाली ठेवला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याच्याही आलं. पण मी मागे हटले नाही. आज हटले तर जन्मभर मला त्या कपाटाला हळदकुंकू वाहावं लागेल, असं वाटलं.

"मी का ती, ग्रॅहम? एकदा सांगून टाक."

कपाटात आवाज थांबला होता. त्याचा हात माझ्या हातात नव्हता, तरी थांबला होता. आम्ही तिघंही उत्तराची वाट बघत होतो.

"तू," तो म्हणाला. अगदी हळू. "काढून टाक."

नेव्ह नवा बॉयलर घेऊन आला त्या दिवशी ग्रॅहम घरी थांबला नाही. भाजीच्या वाफ्यात काम आहे म्हणून गेला. कडाक्याच्या थंडीत वाफ्यात कसलं काम?

नेव्हनं पाणी सोडलं, नळ्या सोडवल्या. जुना बॉयलर काढून घोंगडीवर आडवा ठेवला. भिंतीवर फिकट चौकोन उरला आणि तोंडं बंद केलेल्या नळ्या. मी कान देऊन उभी होते.

काही नाही. शांत.

मी पिवळ्या फुलांचा कागद खरवडून काढला. नखं दुखेपर्यंत.

नवा बॉयलर बसला. इतका शांत की चालू आहे हे दिव्यावरून कळावं. मी अंघोळीला गेले, पाणी ऊन, शेवटपर्यंत ऊन. मी त्या वाफेत उभी राहून गाणं म्हटलं.

ग्रॅहम आला. स्वयंपाकघरात गेला, टोपी हातात धरून उभा राहिला. ऐकत. बराच वेळ.

"छान," म्हणाला. "शांत आहे."

आणि जाऊन नव्या सोफ्यावर बसला. मला हवा होता तिथेच, माझ्या शेजारी. मी त्याचा हात धरला. हातात जीव नव्हता. टीव्हीकडे बघत होता, पण टीव्ही लावलेला नव्हता.

हॉस्पिटलात मी नातेवाईकांना असं बसलेलं पाहिलंय. नुकती बातमी कळलेल्या.

मी त्याला दुसऱ्यांदा विधुर केलं होतं.

पुढे पुढे तो दुपारी बाहेर जायला लागला. तोवर कामावरून निवृत्त झालाच होता. पायी फिरून येतो म्हणायचा. थर्मास घेऊन. फिरायला थर्मास कशाला? परत आला की गाल लाल, हात गार, आणि चेहरा... प्रसन्न. माझ्याशी गोड बोलायचा, जेवायचा, विनोद करायचा.

बाई गं! बायकोला हे कळायला शिकावं लागत नाही. नवरा बाहेरून आनंदात येतो तेव्हा बाहेर काहीतरी असतं.

मी एक दिवस त्याच्या मागे गेले. भर दुपारी, डोक्याला मफलर गुंडाळून, या वयात. तो उतार उतरला, कालव्याच्या कडेनं गेला आणि एका उघड्या फाटकातून आत वळला. नेव्हचं सामानाचं आवार. जुन्या नळ्या, रेडिएटर, काढून आणलेले बॉयलर, भिंतीशी ओळीनं. पांढरे, गंजलेले पत्र्याचे खोके.

ग्रॅहम एका पालथ्या क्रेटवर बसला होता. पाठ माझ्याकडे, तोंड त्या खोक्यांकडे. थर्मासच्या झाकणात चहा. आणि तो बोलत होता. घरी चार शब्द न बोलणारा माझा नवरा भडाभडा बोलत होता.

"...काल शेलनं सूप चांगलं केलं होतं. थोडं तिखट. पण चांगलं. तिचा गुडघा दुखतोय हल्ली, सांगत नाही. हट्टी आहे. तुला आवडली असती ती..."

माझं सगळं तिला सांगत होता! माझं सूप, माझा गुडघा!

आणि मग मला ऐकू आलं...

म्म्म्म.

उघड्यावर. ना गॅसची नळी, ना विजेची तार, ना पाणी. वारा पडलेला. आणि तो सूर, त्याच्या बोलण्याला हुंकार देत असल्यासारखा.

मी पुढे गेले. सरळ त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि खांद्यावर हात ठेवला. मला खात्री होती. हे हत्यार माझ्याकडे होतं. मी हात लावला की ती गप्प होते.

मी थांबले.

ग्रॅहम दचकलाही नाही. त्यानं आपला हात माझ्या हातावर ठेवला, थोपटला. "बस ना, शेल," म्हणाला. किती प्रेमानं म्हणाला!

मी दुसरा हातही ठेवला. वाकून त्याच्या केसांवर गाल टेकला.

आवाज थांबला नाही.

जरासुद्धा अडखळला नाही. आता तिला काही फरक पडत नव्हता. जिंकलेल्या माणसाला कशाला पडेल?

मी घरी कशी आले मला आठवत नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी ठरवलं. सवत घरात असलेली परवडली. बाहेर असली की नवराही बाहेर. निदान घरात होती तेव्हा तो माझ्या छताखाली तरी बसायचा. नाक मुठीत धरून नेव्हकडे गेले.

"नेव्ह, आमचा जुना बॉयलर परत बसवून दे."

तो चहा ढवळत होता, थांबला. "काय झालं? नवा बिघडला?"

"नाही. मला जुना हवाय. तुझ्या आवारात आहे तो."

"आवारात कुठला, लव्ह? तो काढला त्याच दिवशी मी वाटेत भंगारवाल्याकडे टाकला. दाबून पत्रा पण झाला असेल त्याचा. इथं आणलाच नव्हता."

मी बाहेर आवाराकडे बोट दाखवलं.

"मग ग्रॅहम रोज कुणापाशी बसतो?"

नेव्ह खिडकीतून बाहेर बघायला लागला. "मला वाटलं तू घरात सिगरेट ओढू देत नसशील, म्हणून येतो. मी आपला काही विचारत नाही."

ग्रॅहमनं जन्मात सिगरेट ओढलेली नाही.

हे झालं त्याला फार दिवस झालेले नाहीत. ग्रॅहम अजून रोज जातो. मी भांडत नाही. थर्मास मीच भरून देते. आजारी नाही, वेडा झालेला नाही, मी नर्स आहे, मला कळतं. तो सुखात आहे, आणि तेच माझ्या काळजाला घरं पाडतं.

परवा जाताना दारात घुटमळला. "शेल, एखादी जुनी शाल असेल का? तिथं फार गारठा असतो."

"तुला?"

तो बुटांकडे बघत उभा राहिला. लहान मुलासारखा.

मी कपाटातून शाल काढली. जुनी नव्हती. आईनं मी विमानात बसताना खांद्यावर घातलेली शाल ती. का कुणास ठाऊक, तीच हाताला आली. मी दिली.

संध्याकाळी तो परत आला. थर्मास घेऊन आला. शाल आणली नाही. मी विचारलं नाही.

आज तो गेल्यावर मी बॉयलरच्या कपाटाचं दार सताड उघडून ठेवलंय. खालची खुर्ची पुसून तिथेच सरकवून ठेवली आहे. नवा बॉयलर गप्प आहे. घरात इतकी शांतता आहे की मला माझेच कान वाजल्यासारखे वाटतात.

मी कपाटात तोंड घालून सांगितलं, मराठीतच सांगितलं, तिला कळेल तसं कळो.

म्हटलं, ये गं बाई घरी. मी काही बोलणार नाही. त्याला घेऊन ये, आणि येताना माझी शाल घेऊन ये.

अजून काही आवाज नाही...